वाहनाला शिक्षा, सारथी मोकळा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारणही तसंच आहे. डोकं फिरलंय. आणि डोकं फिरलं की घरात बडबडण्यापेक्षा इथे लिहिलेलं बरं, निदान मध्येच कुणी "ते दळण आणलंत का?" असं विचारत नाही.

तर झालं असं. २०२४ च्या डिसेंबरात ताईचा मुलगा, म्हणजे आमचे भाचेबुवा, न्यू जर्सीहून पंधरा दिवसांसाठी आले होते. त्यात सावंतवाडीला मामेभावाच्या मुलीचं लग्न. दिंडोशीहून पहाटे चारला निघालो. मी, बायको, ताई आणि भाचेबुवा. गोवा हायवेची ख्याती ऐकून असल्याने पुणे-कोल्हापूरवरून जाऊ आणि आंबोलीचा घाट उतरू असं ठरलं. (लग्नाला जे होते त्यांना आठवत असेल, आम्ही अक्षता चुकवल्या आणि थेट पंगतीला हजर झालो. त्याबद्दल वहिनी अजून बोलत नाहीत. असो.)

कोल्हापुरात मिसळ हाणल्यावर मला पेंग यायला लागली, म्हणून भाचेबुवांनी चाकाचा ताबा घेतला. त्याचं इथलं लायसन्स अजून जिवंत आहे, तेव्हा त्यात बेकायदा काही नव्हतं. कागल सुटलं की कोगनोळीला कर्नाटक लागतं. मग निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, तिथून उजवीकडे वळलं की गडहिंग्लज आणि परत आपला महाराष्ट्र. अर्ध्यापाऊण तासाचा तो परराज्याचा तुकडा. परराज्य तरी कसलं, १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा पलीकडे गेलेला मराठी मुलूख. टपरीवर चहा मराठीतच मागायचा, पैसे मराठीतच द्यायचे. मी तर तो तुकडा झोपेतच पार केला.

तीन आठवड्यांनी मोबाइलवर मेसेज. वेगमर्यादा ओलांडली, दंड एक हजार रुपये. लिंक उघडली तर आमच्या गाडीचा पार्श्वभाग आणि एमएच ४७ ची पाटी, अगदी पासपोर्टच्या फोटोइतकी स्वच्छ. सीमाप्रश्न इतकी वर्षं सुटत नाही, पण कॅमेऱ्याला सीमा बरोब्बर कळली!

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो. चलन खोटं नव्हतं. गाडी जोरात होती, आमच्या तीर्थस्वरूप भाचेबुवांनीच ती पळवली होती. हजार रुपयांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

मी त्याला फोन लावला. तो आधी हसला, मग ओशाळला, मग म्हणाला, "मामा, पैसे मी पाठवतो. पण गंमत बघ, हेच माझ्या बाबतीत इथे झालं होतं आणि पूर्ण उलटं झालं होतं."

त्याची कथा अशी. दोन वर्षांपूर्वी तो शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात फिरायला गेला होता. मित्राची गाडी, चालवणारा हा. मागून दिवे लुकलुकवत पोलिस आला, गाडी बाजूला घ्यायला लावली आणि ह्याचं लायसन्स मागितलं. तिकीट ह्याच्या नावावर. मित्राला आणि मित्राच्या गाडीला त्या तिकिटाशी काही घेणंदेणं नाही. ह्याला वाटलं, राज्य दुसरं, दंड भरला की विषय संपला. पण तिकडे बहुतेक राज्यांनी आपसात एक करार केलेला आहे. तुमच्या माणसाने आमच्याकडे नियम मोडला तर आम्ही तुम्हाला कळवू, आमच्या माणसाचं तुम्ही आम्हाला कळवा. पेनसिल्व्हेनियाने न्यू जर्सीला कळवलं आणि ह्याच्या लायसन्सच्या रेकॉर्डवर दोन पॉइंट चढले.

न्यू जर्सीचा नियम असा की दुसऱ्या राज्यात गाडी चालवताना केलेला नेहमीचा गुन्हा असेल तर सरसकट दोन पॉइंट. स्वतःच्या राज्यात वेगमर्यादा ताशी पंधरा मैलांनी ओलांडली तर चार लागतात, म्हणजे परराज्यात थोडी सूटच. तीन वर्षांत सहा पॉइंट झाले की राज्य सरकार १५० डॉलरचा अधिभार लावतं, पुढच्या प्रत्येक पॉइंटला आणखी २५. बारा झाले की लायसन्स निलंबित. एक वर्ष सरळ वागलात तर तीन पॉइंट उतरतात. आणि विमा कंपनी? ती नूतनीकरणाच्या वेळी हे सगळं रेकॉर्ड काढून बघते. भाचेबुवांचा हप्ता त्या वर्षी वाढला. दंडापेक्षा हप्त्याचा फटका मोठा बसला, असं तो म्हणाला. "तेव्हापासून मी इथे नाकासमोर चालवतो," हेही म्हणाला.

मग निपाणीला काय झालं होतं रे बाबा?

हा प्रश्न मी विचारला नाही. पण उत्तर मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. निपाणीला त्याच्या नावावर काहीच लागणार नव्हतं. तोच माणूस, तोच उजवा पाय. एका देशात तो पाय जपून ठेवतो कारण पायाचा हिशोब ठेवला जातो. दुसऱ्या देशात हिशोब मामाच्या गाडीच्या पाटीवर.

आता लगेच "तुम्हाला अमेरिकेचंच कौतुक" असं म्हणू नका. तिथेही सगळा आनंदीआनंद नाही. शेजारचं न्यूयॉर्क राज्य त्यांच्या साध्या लायसन्सवाल्यांच्या बाबतीत बाहेरच्या अमेरिकन राज्यांची नेहमीची तिकिटं रेकॉर्डवर घेतच नाही, दारू पिऊन चालवल्याची मात्र घेतं. म्हणजे एका पुलाच्या अलीकडे एक न्याय, पलीकडे दुसरा. पण त्याच न्यूयॉर्क शहरातली एक गोष्ट मला फार पटली. तिथे शाळांच्या आसपास वेग पकडणारे कॅमेरे आहेत. कॅमेऱ्याने पकडलं तर दंड ५० डॉलर, तो गाडीच्या मालकाला. पण त्याचे पॉइंट नाहीत, त्याची नोंद कुणाच्या लायसन्सवर नाही आणि विम्यासाठी ते वापरायचं नाही. का? कारण कॅमेऱ्याने गाडी पाहिली, माणूस पाहिला नाही. पोलिसाने थांबवून माणूस ओळखला तर नोंद माणसाच्या नावावर. किती साधं तत्त्व आहे! गाडी दिसली तर गाडीच्या मालकाकडून पैसे घ्या. माणूस ओळखला तरच त्याच्या चारित्र्याला हात लावा.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे सरकारने दोन मोठ्या कॉम्प्युटर यंत्रणा उभ्या केल्या आहेत. गाड्यांची नोंद जिथे असते तिचं नाव 'वाहन' आणि लायसन्सची नोंद जिथे असते तिचं नाव 'सारथी'. ज्याने कुणी ही नावं ठेवली त्याला माझा दंडवत, फार सुंदर नावं आहेत. पण कॅमेऱ्याचं चलन जातं ते 'वाहना'ला. सारथी कोण होता ते कुणी विचारत नाही. चौकात हवालदाराने अडवून लायसन्स नंबर यंत्रात टाकला तर गोष्ट निराळी, पण हल्ली हवालदार तरी कितीदा अडवतो? सगळी मदार कॅमेऱ्यावर आणि लांबून काढलेल्या फोटोवर. वारंवार गुन्हे करणाऱ्याचं लायसन्स निलंबित करायची तरतूद कायद्यात आहे. पण कुणाचं लायसन्स, हेच माहीत नसेल तर निलंबित काय करणार? गाडीच्या मागच्या काचेचं?

तुम्ही म्हणाल, अरे हजार रुपयांसाठी एवढं काय मनाला लावून घेतोस. मग आता आईची गोष्ट सांगतो. नातेवाइकांना ती माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहितो.

२०२३ चा पावसाळा. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. संध्याकाळी गोकुळधामच्या बाजूला भाजी घेऊन ती परत येत होती. आमच्याकडच्या रस्त्यांची कल्पना तुम्हाला असेल. फिल्म सिटी रोडवर गर्दी झाली की दुचाकीवाले सरळ उलट्या बाजूने घुसतात. आई रस्ता ओलांडताना उजवीकडे बघत होती, आपल्याला शाळेत शिकवलं तसं. मोटारसायकल डावीकडून आली.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई घातली. जी बाई रोज सकाळी नागरी निवाऱ्यापर्यंत फेरी मारून यायची, ती आता वॉकर घेऊन हॉलमधून गॅलरीपर्यंत जाते आणि तिथे खुर्चीत बसून खालची रहदारी बघते. कधी कधी मला हाक मारून दाखवते, "तो बघ, उलटा आला." एवढंच म्हणते. चिडतसुद्धा नाही. मला ते जास्त लागतं.

तो मुलगा पळून गेला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. थांबला, रिक्षात घालायला मदत केली, रडत होता. बावीस-तेवीस वर्षांचा. नंतर कागदपत्रं बघितली गेली तेव्हा कळलं की त्या मोटारसायकलवर सतरा चलनं बाकी होती. सतरा! सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने चालवणं, हेल्मेट नसणं. आणि मोटारसायकल होती त्याच्या मावसभावाच्या नावावर. तो मावसभाऊ नोकरीसाठी बाहेरगावी, त्याने दोन वर्षांत तिला हातही लावलेला नव्हता. म्हणजे सतरा वेळा नियम मोडणारा कागदोपत्री तो, जो मुंबईतच नव्हता. आणि ज्याने माझ्या आईला पाडलं त्याचं लायसन्स? कोरं करकरीत. एक नोंद नाही. त्या संध्याकाळपर्यंत सरकारच्या लेखी तो एक आदर्श वाहनचालक होता.

विमा होता, थर्ड पार्टी होता, हे आमचं नशीब. त्यामुळे ट्रायब्यूनलमध्ये दावा तरी लावता आला. पण त्या विम्याचा हप्ता काय असेल? थर्ड पार्टीचे दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, आणि ते इंजिनाच्या आकारावर ठरतात. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये. १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये. माझी गाडी ह्या दुसऱ्या गटातली. मी सव्वीस वर्षं गाडी चालवतोय, कुणाला साधा ओरखडा काढलेला नाही, आणि माझ्याच आकाराचं इंजिन घेऊन रोज उलट्या बाजूने घुसणाऱ्यालाही तेच ३,४१६. इंजिनाचा आकार बघतात, डोक्याचा नाही.

"पण नो क्लेम बोनस मिळतो की," असं आमचे एक शेजारी म्हणाले. मिळतो. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. पण तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. आणि तो चांगलं चालवल्याबद्दल नसतोच. तो क्लेम न केल्याबद्दल असतो. शंभर सिग्नल तोडा, कंपनीकडे पैसे मागायला गेला नाहीत तर पन्नास टक्के सूट. कुणी उभ्या गाडीला मागून ठोकून पळून गेला आणि तुम्ही क्लेम केलात, तर मात्र बोनस गेला. मात्र ह्या बोनसची एक खुबी आहे, ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली तरी बोनस तुमच्याबरोबर नव्या गाडीवर येतो. म्हणजे माणसाच्या नावावर हिशोब ठेवायचं तंत्र आपल्या विमा कंपन्यांना उत्तम जमतं!

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं.

चलनं आणि विम्याचा हप्ता एकमेकांना जोडायचे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सुधारित मोटार वाहन कायद्याचे वाढीव दंड लागू झाले. त्याच महिन्यात विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ह्यावर एक गट नेमला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात म्हटलं होतं की विम्याच्या हप्त्यात एक नवा भाग घालावा, वाहतूक उल्लंघनाचा. दारू पिऊन चालवलं तर १०० पॉइंट, चुकीच्या जागी गाडी लावली तर १०. बेरीज जास्त तर हप्ता जास्त. सुरुवात दिल्लीत करून बघावी अशी शिफारस होती. ऐकायला छानच. पण मसुद्यात हा हप्ता कुणाला भरायचा होता? गाडीच्या नोंदणीकृत मालकाला. गाडी कोणीही चालवो.

त्यानंतर जुलै २०२२ मध्ये किती चालवता आणि कसं चालवता त्यावर हप्ता ठरवणारी जोड-कवचं विकायला परवानगी मिळाली. चलनं विम्याला जोडण्याच्या बातम्याही अधूनमधून येत असतात. आणि दर वेळी आपल्यातले सज्जन लोक टाळ्या वाजवतात. "बरं होईल, आता कळेल ह्यांना." मीही वाजवल्या असत्या. आईच्या वॉकरचा आवाज ऐकत राहणारा माणूस टाळ्या वाजवणार नाही तर कोण?

पण जरा हिशोब करा. ही योजना त्या सतरा चलनांच्या मोटारसायकलला लावली असती तर काय झालं असतं? बाहेरगावी राहणाऱ्या मावसभावाचा हप्ता वाढला असता. चालवणाऱ्याला झळही लागली नसती. माझ्या बाबतीत? निपाणीला मी झोपलो होतो, माझा हप्ता वाढला असता, आणि भाचेबुवा न्यू जर्सीत स्वच्छ. ज्याला धडा शिकवायचा तो सोडून बाकी सगळ्यांना शिकवला. ह्याला शिस्त म्हणत नाहीत.

दुसरा धोका त्याहून मोठा. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण करू नका असा आदेश दिला होता. हेतू उत्तम. पण जुलै २०२४ मध्ये कोर्टालाच ती अट मागे घ्यावी लागली, कारण लोक पीयूसी काढण्याऐवजी विमाच सोडून देत होते. आणि विमा नसलेल्या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाई मागायची कुणाकडे? विम्याच्या मानेवर दुसऱ्या कामाचं जू ठेवलं की असं होतं. त्या मुलाच्या मावसभावाचा हप्ता ७१४ चा दोन हजार झाला असता तर त्याने तो भरला असता का? मला खात्री नाही. आणि न भरता तर आमची आई कुठे गेली असती?

मग काय, जोडूच नये? तसं अजिबात म्हणत नाहीये मी. जोडा. जरूर जोडा. पण 'सारथी'ला जोडा, 'वाहना'ला नाही. आधी माणूस ओळखा, मग त्याची नोंद ठेवा, मग त्या नोंदीवरून हप्ता ठरवा. हा क्रम उलटा केलात तर सगळं मुसळ केरात.

"हे अशक्य आहे, कॅमेऱ्याला चेहरा कसा दिसणार?" हा पहिला आक्षेप. चेहरा दिसायची गरज नाही. मालकाला विचारा! आपल्याच मोटार वाहन कायद्यात, १९८८ च्या, कलम १३३ आहे. पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यायला मालक बांधील आहे. गंमत म्हणजे इंग्लंडचा रस्ते वाहतूक कायदाही १९८८ चाच आणि त्यातलं कलम १७२ साधारण हेच सांगतं. तिकडे कॅमेऱ्याने गाडी पकडली की मालकाला पत्र जातं. चालवणारा कोण होता ते २८ दिवसांत कळवा, नाही कळवलंत तर तो तुमचाच गुन्हा. मग पॉइंट चालवणाऱ्याच्या लायसन्सवर. वेग मोडला की किमान तीन आणि तीन वर्षांत बारा झाले की बंदी. एकाच वर्षी जन्मलेले दोन कायदे. एक कामाला लागला, दुसरा अजून आळोखेपिळोखे देतोय.

मी त्या चलनाच्या पानावर खूप शोधलं. दंड भरण्याचं बटण लगेच सापडतं, मोठं असतं. 'गाडी मी चालवत नव्हतो, अमुक चालवत होता' असं सांगायचा रकाना मला काही सापडला नाही. एक रकाना! एवढंच मागणं आहे. लायसन्स नंबर टाकायचा, त्या माणसाच्या मोबाइलवर विचारणा जाईल, तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. बँकेत शंभर रुपये पाठवताना जेवढी खातरजमा होते, तेवढीच.

दुसरा आक्षेप आमच्या घरातूनच आला. ताईचा. "म्हणजे तू माझ्या मुलाचं नाव दिलं असतंस?"

हो. दिलं असतं. ताई, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. त्याच्यावर माझा जीव आहे. तो कडेवर असताना पहिल्यांदा चारचाकीचं हॉर्न मीच त्याला वाजवायला दिलं होतं. पण तिकडे त्याच्या नावावर दोन पॉइंट लागले आणि तो सुधारला, हे तोच सांगतो. मामाने दंड गिळला म्हणून कुणी सुधारत नाही. मामाने चूक पोटात घातली की माया होते असं आपल्याला वाटतं. त्या मावसभावालाही तसंच वाटलं असणार. सतरा वेळा वाटलं. अठराव्या वेळी माझी आई रस्त्यात होती.

तिसरा आक्षेप, मालकाने आपली गाडी कुणालाही का द्यावी? त्याची काहीच जबाबदारी नाही? आहे ना. दंडाचे पैसे मालकाकडून घ्या, मी कुठे नाही म्हणतोय. मी हजार रुपये त्याच रात्री भरले. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकाला आणि मालकाला धरायची तरतूद २०१९ च्या सुधारणेतच आहे आणि ती योग्यच आहे. पण पैसे वसूल करणं वेगळं आणि एखाद्याच्या नावावर 'हा बेदरकार चालवतो' असा शिक्का मारून दर वर्षी त्याच्याकडून जास्त हप्ता घेणं वेगळं. शिक्का मारायचा तर माणूस ओळखूनच मारावा लागतो.

आणि शिक्का मारायचा तर त्या माणसाला आपली बाजू मांडायची सोय त्याच्या घराजवळ हवी. इथे परराज्याची भानगड येते. व्हर्च्युअल कोर्टात गुन्हा कबूल करायचा असेल तर घरबसल्या दोन मिनिटांत पैसे भरता येतात. पण 'मला मान्य नाही' म्हणालात की प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टात जातं. मी नाकारलं असतं तर मला सीमापार वाऱ्या कराव्या लागल्या असत्या. माझ्या घरापासून दिंडोशीचं सत्र न्यायालय रिक्षाने दहा मिनिटांवर. तिथे चलनाची कामं होत नाहीत हे मलाही कळतं हो, पण रोज त्यावरून जाताना वाटतं खरं. परराज्याचं चलन खोटं असलं तरी माणूस ते भरून टाकतो, कारण हजार वाचवायला पाच हजार कोण घालवणार? आज त्यात फक्त हजार जातात. उद्या तेच चलन विम्याच्या हप्त्याला जोडलं की तीच नाइलाजाची कबुली वर्षानुवर्षं महागात पडेल. ट्रकवाल्यांचं काय होईल ते बघा. दहा राज्यांतून ज्याची गाडी फिरते तो दहा कोर्टांत जाणार का?

शेवटचा आक्षेप आपल्या सगळ्यांच्याच मनात असतो, फक्त कुणी बोलत नाही. 'चलन भरतंय कोण? सूट येईपर्यंत थांबा.' हे खोटं नाही. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींच्या थकीत चलनांवर ७५ टक्के सूट दिली. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के दिली, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा दिली. दिवाळीचा सेल लागावा तसा. पहिल्याच दिवशी भरणारा तो खुळा आणि थकवणारा तो शहाणा. ज्या दंडाचा सेल लागतो त्याची भीती कुणाला वाटणार? लायसन्सवर चढलेल्या पॉइंटचा सेल लावता येत नाही. एक वर्ष सरळ चालवणं हीच त्याची सूट. म्हणून तर मला तो पॉइंट हवा आहे, आणि तो योग्य माणसाच्या नावावर हवा आहे.

आणि हो, नोंद दोन्ही बाजूंनी ठेवा. वाईट चालवणाऱ्याचा हप्ता वाढवणार असाल तर वर्षानुवर्षं नीट चालवणाऱ्याचा थर्ड पार्टीचा हप्ता कमी करा. बोनस माणसाबरोबर नव्या गाडीवर जाऊ शकतो, तर बदनामी का जाऊ शकत नाही? आणि अब्रू का जाऊ शकत नाही?

असो. बरंच लिहिलं. आज रविवार, आई गॅलरीत बसली आहे. मघाशी हाक मारली म्हणून गेलो. मला वाटलं पाणी हवं असेल. खाली बोट दाखवून म्हणाली, "तो बघ." एक मोटारसायकल उलट्या बाजूने येत होती, मागे शाळेच्या वयाची मुलगी बसलेली. पुढच्या चौकात कॅमेरा आहे. तो फोटो काढेल, नंबर टिपेल, कुणाच्या तरी मोबाइलवर मेसेज जाईल.

चालवणाऱ्याच्याच मोबाइलवर जाईल असं मात्र नाही.